आपला पैसा कुठे राबतो? मूल्यांना धरून गुंतवणूक करू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी शेजारच्या वहिनी मोबाइल घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांचा धाकटा भाऊ जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. तोंडाचा कॅन्सर होता. परळच्या टाटा हॉस्पिटलच्या चकरा वहिनींनीच मारल्या होत्या. मोबाइलवर त्यांच्या इंडेक्स फंडाची, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांत थोडाथोडा पैसा लावणाऱ्या फंडाची, शेअरची यादी उघडी होती आणि त्यांचं बोट एका ओळीवर होतं, सिगारेट बनवणाऱ्या कंपनीच्या नावावर. “ताई, माझे महिन्याचे दोन हजार ह्यांच्याकडेपण जातात का?”

जात होते. दोन हजारांतले साठ-सत्तर रुपये. मी तसं सांगितल्यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “एक रुपया असला तरी नको.”

सहकारी बँकेच्या काउंटरवर माझी बावीस वर्षं गेली. ठेवीवर किती टक्के मिळतात हे हजारो लोकांनी विचारलं, पण ठेवीचा पैसा पुढे कोणाला दिला जातो असं विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. वहिनींबरोबर बसून पुढचे काही महिने जे केलं, तेच इथे क्रमाने लिहिते आहे. मी सेबीकडे, म्हणजे शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदणी असलेली सल्लागार नाही. रक्कम मोठी असेल, तर कमिशनवर न चालणारा, ठरलेली फी घेणारा नोंदणीकृत सल्लागार गाठा.

पहिली पायरी: आत्ताचा पैसा कुठे आहे ते लिहून काढा

“मी अजून गुंतवणूक सुरूच केली नाही” असं म्हणणारा माणूसही बहुतेक वेळा गुंतवणूकदार असतोच. नोकरी असेल, तर भविष्य निर्वाह निधी कापला जातो आणि २०१५ पासून त्या निधीचा काही भाग ईटीएफमार्फत (बाजारात शेअरसारखे विकले जाणारे फंड) निफ्टी आणि सेन्सेक्स या निर्देशांकांमधल्या शेअरमध्ये जातो. विम्याचा हप्ता विमा कंपनी गुंतवते. सिगारेट बनवणाऱ्या आयटीसीचे साधारण पंधरा टक्के शेअर एकट्या एलआयसीकडे आहेत. सरकारी विमा कंपन्यांनी तंबाखूच्या धंद्यात पैसा का ठेवावा, असा सवाल करणारी जनहित याचिका २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली. याचिका करणाऱ्यांत सुमित्रा पेडणेकर होत्या. त्यांचे पती सतीश पेडणेकर महाराष्ट्राचे माजी मंत्री, आणि ते तोंडाच्या कॅन्सरनेच गेले.

तेव्हा आधी एक वही घ्या. बँकेतल्या ठेवी, पतसंस्था, पीपीएफ, पीएफ, विमा, एसआयपी (दरमहा फंडात जाणारी ठरलेली रक्कम), शेअर, सगळं एका पानावर येऊ द्या. फंड आणि शेअरसाठी पॅन नंबरवर एकत्रित खाते विवरण मिळतं, लोक त्याला ‘कॅस’ म्हणतात. डीमॅट खातं, म्हणजे शेअर ठेवायचं ऑनलाइन खातं, असेल तर एनएसडीएल किंवा सीडीएसएल या शेअरची नोंद ठेवणाऱ्या संस्था ते मेलवर पाठवतात. प्रत्येक नावापुढे लिहा, हा पैसा मला हलवता येतो की नाही. पीएफमध्ये कुठे गुंतवायचं ते आपल्याला विचारलं जात नाही. एनपीएस या पेन्शन योजनेत मात्र शेअर किती आणि सरकारी रोखे (सरकारला दिलेलं कर्ज) किती हे स्वतः ठरवता येतं, अगदी शंभर टक्के सरकारी रोखेही घेता येतात. जे हलवता येत नाही त्याची खंत करत बसू नका. बाकीच्यात करण्यासारखं पुष्कळ आहे.

दुसरी पायरी: ‘नको’ आणि ‘हवं’

ही पायरी लोक गाळतात आणि थेट “चांगला ईएसजी फंड कोणता?” असं विचारतात. ईएसजी म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार या तीन गोष्टींवरून केलेली पारख. पण ती पारख दुसऱ्या कोणाच्या तरी मापाने केलेली असते. आपलं माप आपल्याला ठाऊक नसेल, तर ते दुसरं माप बरोबर की चूक हे कशावरून ठरवणार?

तीन ‘नको’ आणि दोन ‘हवं’ पुरेत. यादी लांबली की पाळली जात नाही. वहिनींनी लिहिलं: तंबाखू नको, दारू नको, जुगार नको, पाणी हवं, बायकांच्या हाताला काम हवं. शेजारच्या जैन काकांच्या यादीत कत्तलखाने पहिले होते. माझ्या भाचीने कोळसा लिहिला.

लिहिताना गोष्टी वाटतात तितक्या सरळ नसतात, हेही तेव्हाच कळतं. सोलापुरात हजारो बायका विड्या वळून घर चालवतात; कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांची दहा हजार घरं उभी राहिली. तंबाखूत पैसा नको म्हणताना त्या बायका डोळ्यांपुढे येतातच. माझं मत असं की कंपनीच्या नफ्यात वाटा न घेणं आणि तिथल्या कामगारांच्या हक्कांबाबत बेपर्वा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचं मत वेगळं असू शकेल, पण ते वहीत उतरवा.

तिसरी पायरी: लेबल वाचा, मग आतला माल पाहा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

सेबीने जुलै २०२३ मध्ये ईएसजी फंडांना शिस्त लावली. फंड कोणत्या पद्धतीने कंपन्या निवडतो ते आता नावातच सांगावं लागतं आणि निदान ८० टक्के पैसा त्या पद्धतीनेच लावावा लागतो. त्यामुळे नाव शब्द सुटे करून वाचा. ‘एसबीआय ईएसजी एक्स्क्लूजनरी स्ट्रॅटेजी फंड’ यातल्या ‘एक्स्क्लूजनरी’चा अर्थ ठरावीक धंदे वगळणारा. ‘क्वांटम ईएसजी बेस्ट इन क्लास स्ट्रॅटेजी फंड’ म्हणजे प्रत्येक क्षेत्रातल्या त्यातल्या त्यात चांगल्या कंपन्या निवडणारा. ‘अ‍ॅक्सिस ईएसजी इंटिग्रेशन स्ट्रॅटेजी फंड’ यातल्या ‘इंटिग्रेशन’मध्ये काहीच वगळायची सक्ती नसते, बाकीच्या हिशोबांबरोबर ईएसजीचाही विचार होतो, इतकंच. वहिनींसारख्यांना वगळणारा प्रकार जवळचा. इंटिग्रेशन वाचून “आता तंबाखू नाही” असं समजून बसाल तर फसाल.

गुणांकनाचंही तसंच. आयटीसीला एमएससीआय या जागतिक संस्थेने ‘एए’ हा वरच्या दर्जाचा ईएसजी शेरा दिलेला आहे. पाण्याचं नियोजन, झाडं, कागदाचा पुनर्वापर या बाबतीत कंपनीचं काम मोठं आहे आणि ते खोटं नाही. तीच आयटीसी नॉर्वे सरकारच्या पेन्शन फंडाच्या बहिष्कृत यादीत आहे, कारण ती सिगारेट बनवते. यात खोटं कोणीच बोलत नाही. ‘एए’ देणारा पाहतो, आपल्या क्षेत्रातल्या इतर कंपन्यांच्या तुलनेत ही कंपनी पर्यावरणाचे आणि समाजाचे धोके किती नीट सांभाळते. नॉर्वेवाला पाहतो, ही विकते काय. वहिनींचा प्रश्न नॉर्वेवाल्याचा होता. तुमचा कोणता, ते दुसऱ्या पायरीवर लिहून ठेवलेलं असेल, तर अशा शेऱ्यांनी गोंधळ उडत नाही. नॉर्वेच्या फंडाची ती यादी वेबसाइटवर कोणालाही पाहता येते, कारणासकट. मला ती फार उपयोगी पडते.

आता आतला माल. महिना संपल्यावर दहा दिवसांत प्रत्येक फंड कंपनीला आपल्या योजनांमधले सगळे शेअर वेबसाइटवर टाकावे लागतात. ‘पोर्टफोलिओ डिस्क्लोजर’ नावाखाली एक्सेलची फाइल मिळते. पहिल्या दहा नावांवर थांबू नका. ती बहुतेक फंडांत सारखीच असतात, मोठ्या बँका आणि आयटी कंपन्या. फाइल शेवटपर्यंत खाली न्या. वहिनींनी आणि मी तेच केलं: त्या एकेक नाव मोठ्याने वाचत होत्या, मी गुगलवर कंपनी काय करते ते पाहत होते, आणि खटकलेल्या नावाखाली त्या वहीत लाल रेघ ओढत होत्या. साठ-पासष्ट नावांना दीड तास लागला. मध्ये चहा झाला. ‘ब्रुअरीज’ हा शब्द त्यांना माहीत नव्हता, तो कळल्यावर आणखी एक रेघ वाढली.

एखाद्या कंपनीत खोल शिरायचं असेल, तर बीआरएसआर नावाचा, कंपनीच्या जबाबदारीचा आणि पर्यावरणाचा हिशोब मांडणारा वार्षिक अहवाल काढा. बाजारमूल्याने पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून तो सक्तीचा आहे आणि बीएसई-एनएसईच्या साइटवर फुकट मिळतो. पाने पुष्कळ, पण चार तक्ते पाहिले तरी कंपनी कळू लागते. कायम कामगार किती आणि कंत्राटी किती. वर्षभरात कामावर किती माणसं दगावली. पुरुष आणि स्त्रिया यांच्या पगाराचा मध्य, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, किती. लैंगिक छळाच्या तक्रारी किती आल्या. आमच्या बँकेतल्या एक वरिष्ठ बाई म्हणायच्या, तक्रारवही कोरी असेल तर आधी ती वही ठेवतात कुठे ते बघ. हजारो माणसांच्या कंपनीत सलग तीन वर्षं शून्य तक्रारी दिसल्या की मला त्यांची आठवण येते.

तरीही कंपनी जे मोजते तेच या अहवालात येतं. ऊसतोडीचं उदाहरण घ्या. कामगार कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो, मुकादमाकडून उचल घेऊन आलेला असतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि हिशोब कोयत्याचा होतो, म्हणजे बाईच्या नावाने वेगळी मजुरीच नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या आणि चौकशी समिती बसली, तेव्हा महाराष्ट्र हादरला. यातलं काही साखर कंपनीच्या पगाराच्या तक्त्यात तुम्हाला सापडलं नसतं, कारण तिच्या दप्तरी ती बाईच नाही. म्हणून ज्या धंद्यात मधला मुकादम किंवा ठेकेदार आहे, तिथे अहवालाबरोबर वर्तमानपत्रंही वाचायची.

चौथी पायरी: आपल्याजोगा मार्ग

नवख्यांनी शेअरपासून सुरुवात करू नये, असं मला मनापासून वाटतं. सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम आधी बँकेत ठेवा. बँक निवडणं हादेखील मूल्यांचाच प्रश्न आहे.

माण तालुक्यातल्या म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ ची. चेतना गाला सिन्हा यांनी परवान्यासाठी केलेला पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बायका काही महिने अक्षरं शिकल्या आणि पुन्हा मुंबईला गेल्या. अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कोणतीही रक्कम सांगा, आम्ही तोंडी व्याज काढून दाखवतो. तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटर न घेता काढायला सांगा. परवाना मिळाला. अहमदाबादची सेवा बँक त्याहून जुनी, १९७४ ची, चार हजार बायकांनी दहा-दहा रुपयांचा शेअर घेऊन उभी केलेली. तुमच्या गावाजवळही अशी बँक असेल. लहान कर्ज कोणाला देते, महिला बचत गटांना देते का, ते शाखेत जाऊन विचारा.

मात्र भावनेच्या भरात सगळी पुंजी एका ठिकाणी नको. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेमागे मुद्दल-व्याज मिळून पाच लाखांपर्यंतच संरक्षण आहे. पतसंस्थेला ते मुळीच नाही. हे काउंटरवर बसून मी कित्येकांना सांगितलं आहे, तरीही जास्तीच्या एका टक्क्यासाठी लोक निवृत्तीचा पैसा पतसंस्थेत ठेवतात, आणि पुढे त्यांच्याकडे बघवत नाही.

बँकांमध्ये आता ‘ग्रीन डिपॉझिट’ असाही प्रकार आहे. १ जून २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा त्यासाठी नियम लागू आहे: हा पैसा अपारंपरिक ऊर्जा, पाणी, कचरा व्यवस्थापन, स्वच्छ वाहतूक अशा कामांनाच द्यायचा, तंबाखू, दारू, शस्त्रं, जुगार यांना नाही, आणि वर्षाला बाहेरच्या संस्थेकडून तपासणी करून घ्यायची. पाच लाखांचं विमा संरक्षण यालाही आहे. सगळ्या बँका देत नाहीत, विचारावं लागतं. वहिनींच्या यादीला हे चपखल बसलं.

सरकारचे हरित रोखेही आहेत, पर्यावरणाच्या कामांसाठी काढलेले. पहिला लिलाव २५ जानेवारी २०२३ ला झाला, आठ हजार कोटींचा. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट पोर्टलवर फुकट खातं उघडून दहा हजारांपासून घेता येतात, व्याज सहा महिन्यांनी खात्यात. मध्येच विकायचे तर गिऱ्हाईक पटकन मिळत नाही, म्हणून मुदतीपर्यंत लागणार नाही तोच पैसा घाला. महापालिकाही रोखे काढतात. इंदूर महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये सौर प्रकल्पासाठी २४४ कोटींचे हरित रोखे थेट सामान्य लोकांना विकले. जलूदहून नर्मदेचं पाणी शहरात चढवायला लागणारी वीज त्यातून काढायची, असा बेत. पुणे महापालिकेने २०१७ साली समान पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटी उभे केले होते. अशा रोख्यांचं पतमानांकन, म्हणजे पैसे परत मिळण्याची खात्री किती याचा शेरा, वाचून मगच हात घाला.

पाच-सात वर्षं थांबायची तयारी असेल तरच शेअरचे फंड. ईएसजीचे वर आलेच. त्याशिवाय शरियतच्या नियमांवर चालणारे फंड आहेत, टाटा एथिकल फंड त्यातला जुना. कोणत्याही धर्माच्या माणसाला तो घेता येतो. दारू, तंबाखू, जुगार नाहीतच, शिवाय व्याजावर चालतात म्हणून बँकाही नाहीत. निफ्टीचा जवळपास एक-तृतीयांश भाग बँका आणि वित्तीय कंपन्यांचा असतो. बँकांचे शेअर धावतात त्या वर्षी असा फंड मागे पडणार, हे मनात धरून घ्या. एकूणच, मूल्यं पाळली म्हणून परतावा जास्त मिळेल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कधी पुढे, कधी मागे. फंड दरवर्षी कापून घेतो त्या खर्चाचं प्रमाण मात्र तपासा आणि जमत असेल तर डायरेक्ट प्लॅन, म्हणजे मधल्या एजंटाचं कमिशन नसलेला प्रकार, घ्या.

सोशल स्टॉक एक्स्चेंज हे नाव ऐकलं असेल. तिथे सेवाभावी संस्था नोंदवल्या जातात आणि ‘झीरो कूपन झीरो प्रिन्सिपल’ नावाचा कागद देतात. नावातच अर्थ आहे: व्याज शून्य, मुद्दलही परत शून्य. बेंगळुरूची उन्नती फाउंडेशन डिसेंबर २०२३ मध्ये अशी पहिली नोंदली गेली. संस्थेचा हिशोब आणि कामाचा अहवाल नियमाने बाहेर येतो, त्यामुळे देणगीसाठी मार्ग चांगला. वहीत तो देणगीच्याच रकान्यात लिहायचा.

इथे थांबा

चांगुलपणाच्या नावाने फसवणारे फार. नव्वदच्या दशकात सागवानाच्या योजनांनी लोकांना गंडवलं: झाड तुमचं, वीस वर्षांनी लाखो रुपये. २०१९ मध्ये कडकनाथ कोंबड्यांच्या योजनेत सांगली-कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांचे पैसे अडकले. सेंद्रिय शेती, गोशाळा, सौरऊर्जा, महिला सबलीकरण, नाव काहीही असो. ठरावीक आणि भरघोस परताव्याची हमी मिळाली की उठून या. अनेकांचा पैसा गोळा करून गुंतवणाऱ्या योजनेला सेबीची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या साइटवर स्वतः टाकून पाहा. विकणारा नात्यातला असेल तर दोनदा पाहा.

पाचवी पायरी: पैसा हलवताना

खटकलं म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं विकू नका. वहिनींची तीच घाई चालली होती. आम्ही आधी जुनी एसआयपी थांबवली आणि नवी एक हजाराची सुरू केली. उरलेले हजार हरित ठेवीसाठी साठवायचे ठरले. जुन्या फंडातले पैसे टप्प्याटप्प्याने काढले. शेअरचा फंड वर्षाहून जास्त काळ ठेवून विकला, तर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के. वर्षाच्या आत विकला तर वीस टक्के, आणि बऱ्याच फंडांत वर एक टक्का एक्झिट लोड, म्हणजे लवकर बाहेर पडल्याची फी. म्हणून काही मार्चमध्ये विकलं, काही एप्रिलमध्ये. विमा पॉलिसी मध्येच मोडायच्या फंदात पडलो नाही, तोटा फार होता.

मग वर्षातून एकदा तीच फाइल पुन्हा उघडायची. फंडाचे शेअर बदलतात, कंपन्या नवे धंदे विकत घेतात. वहिनींनी पाडव्याचा दिवस धरला आहे.

आणि मत

स्वतःच्या नावावर एक जरी शेअर असला, तरी कंपनीच्या ठरावांवर मत देता येतं. सर्वसाधारण सभेआधी एनएसडीएल किंवा सीडीएसएलचा मेल येतो आणि आपण तो न वाचता पुसून टाकतो. ऑनलाइन मतदान निदान तीन दिवस खुलं असतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होतं. आपल्या वतीने फंड कंपन्यांनाही सगळ्या ठरावांवर मत द्यावं लागतं, १ एप्रिल २०२२ पासून, आणि कोणत्या ठरावावर काय मत दिलं ते त्यांच्या साइटवर वाचता येतं.

वहिनींकडे दादांच्या नावावरून आलेले चाळीस शेअर आहेत, एका औषध कंपनीचे. परवा पावणेपाचला त्यांचा फोन आला: “ताई, ओटीपी येत नाहीये, पंधराच मिनिटं राहिलीत.” जिना चढून वर गेले. एका संचालकाच्या मानधनवाढीचा ठराव होता. कारखान्यात दोन कामगार दगावल्याचं त्यांनी अहवालात वाचलं होतं आणि वहीत त्या पानाला लाल रेघ होती. चार वाजून छप्पन्न मिनिटांनी ओटीपी आला. त्यांनी ‘विरोधात’ दाबलं आणि पावतीचा स्क्रीनशॉट मला पाठवला, मी शेजारीच बसलेली असताना.